थोरली, धाकटी आणि माझा फोटो

चहा आधी पिऊन घ्या बरं. माझा गाढवपणा ऐकताना ठसका लागला तर मला दोष देऊ नका!

त्याचं असं झालं, आमच्या देवासच्या कॉलेजात ऑनर्सच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांचं एक दालन करायचं ठरलं. पाच जण निवडायचे आणि त्यांचे फोटो लावायचे. निवड समितीचा प्रमुख कोण? मी! मीही तिथलाच ऑनर्सवाला. आपलाही फोटो लागावा असं मनातून फार वाटत होतं हो.

बायको म्हणाली, "अहो, तुमचा फोटो भिंतीवर लागला तर गल्लीत किलोभर पेढे वाटीन!"

झालं! मी त्याच दिवशी स्टुडिओत जाऊन फोटो काढून आलो.

समितीत दोन निवृत्त प्राध्यापक होते, भाऊसाहेब आणि आप्पा. आता देवास गाव एक, पण पूर्वी राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा! ती राज्यं कधीच गेली. पण भाऊसाहेब अजून थोरलीचे आणि आप्पा धाकटीचे. भाऊसाहेबांनी थोरलीचा न्यायाधीश सुचवला की आप्पा धाकटीचा डॉक्टर पुढे करायचे. असे दोन-दोन झाले. पाचवा कोणाचा?

हीच तर माझी संधी! मी घसा खाकरला. "माझे वडील धाकटीचे, आई थोरलीची. म्हणजे मी दोन्हीकडचा..."

"बाप धाकटीचा, तर तू धाकटीचाच!" भाऊसाहेब कडाडले.

"छे! हा तर थोरलीचा भाचा. दर सुट्टीत तिकडेच पडलेला असायचा," आप्पा म्हणाले.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. त्यांनी धारचा एक इंजिनिअर निवडला. आप्पा म्हणाले, "धारवाला म्हणजे न्यूट्रल, भिया! झंझट खतम."

समारंभाच्या दिवशी पाच फोटो लागले, फीत कापली गेली. इंजिनिअरसाहेब भाषणाला उभे राहिले. "देवास मला परकं नाही. माझं आजोळ इथलंच, थोरल्या पातीतलं!"

आप्पा ताडकन उठले. "ये तो सरासर धोखा है! थोरलीला अर्धा माणूस फुकट मिळाला. आमचा अर्धा माणूस आणा!"

"अर्धा माणूस आणू कुठून?" प्राचार्य रडकुंडीला आले.

आणि तेव्हा, अक्कल गहाण टाकून, मी उभा राहिलो! "मी आहे ना! अर्धा धाकटीचा." पिशवीतून फोटोसुद्धा काढला. म्हटलं, हिशेबात अर्धा का होईना, भिंतीवर तर पूर्ण लागेन!

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "ह्याचा आईकडचा भाग आमचा. तोही लागला तर थोरलीचं पारडं जड होईल. अन्याय नको."

"बरोबर बोललात," आप्पा म्हणाले.

फीत कापलेली कात्री ताटात होतीच!

पण कुठली बाजू धाकटीची? मला गावच्या टेकडीकडे तोंड करून भर अंगणात उभं केलं, म्हणजे एक खांदा थोरलीकडे, दुसरा धाकटीकडे. दोघांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि माझी वाटणी केली. मी काय करणार? नाकासमोर बघत उभा राहिलो.

आज दालनात पाच पूर्ण फोटो आहेत आणि एक अर्धा. एक डोळा, एक कान, अर्धी मिशी. पोरं जाता-येता मला नमस्कार करतात, तोही एकाच हातानं!

बायको मात्र शब्दाची पक्की हो. तिनं गल्लीत पेढे वाटले.

अर्धा किलो!