चित्र नसलेली पाकिटं

आमच्या घराजवळ नवीन सुपरमार्केट उघडलं तेव्हा मला सातवा महिना होता. तिथं एका रॅकवर दुकानाचीच पाकिटं मांडलेली असत. जाड पांढरी पिशवी आणि तिच्यावर ठळक काळ्या अक्षरांत एकच शब्द. सूजी. मैदा. बेसन. चित्र नाही, हसरी बाई नाही, गव्हाची लोंबी नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात वजन आणि तारीख. बाकी पिशवी कोरी. जाहिरातीचा बोजा नसल्यामुळे ती स्वस्त होती, आणि माल चांगला होता. मला तर ती पाकिटं सरळ स्वभावाच्या माणसासारखी वाटायची, आपलं नाव सांगून मोकळी होणारी. हळूहळू आमचं सगळं स्वयंपाकघर पांढरं झालं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, असा आमच्याकडे रिवाज आहे. पण माझी डॉक्टर रायपूरची, नोकरीही रायपूरची. मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. आमगावला जाणं जमणार नव्हतं, म्हणून माहेरच माझ्याकडे आलं. एक पत्र्याची पेटी, डिंकाचा डबा आणि आई. वडील रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त आहेत. ते घर सांभाळायला मागे राहिले.

मुलगी झाली. मी टाक्यांमुळे पलंगावर, आणि आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सकाळी हळिवाची खीर, दुपारी मेथीची भाजी नि बाजरीची भाकर, संध्याकाळी शेक. माझा नवरा भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत काम करतो. तो रायपुरातच वाढला. मराठी त्याला पूर्ण समजते, पण उत्तर तो हिंदीत देतो. आई त्याच्याशी वऱ्हाडीत बोलायची, तो तिच्याशी हिंदीत, आणि दोघांचं छान जमायचं.

एका रविवारी तो चहा करायला आत गेला आणि तिथूनच ओरडला, "आई, इधर तो चींटियों की बारात निकली है! सब पैकेट का कोना किसने काटा?"

कपाटातल्या एकूण एक पांढऱ्या पाकिटाचा कोपरा कापलेला होता. काहींना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले, काही तशीच उघडी.

"उंदीर असन," आई म्हणाली.

"चूहा कैंची लेके आया था क्या?"

"शयराचे उंदीर, जावईबापू. शिकलेले असतात."

तो हसत हसत मुंग्या झाडू लागला. मी मात्र पलंगावरून आईचा चेहरा पाहत होते. तिनं पदर खोचला आणि उगाच बाळाची दुपटी पुन्हा घड्या करायला घेतली. तो बाहेर गेल्यावर मी विचारलं, "काहून कापले ग सगळे?"

"मग काय करू? सारेच एकसारखे. कापून पाहाव, तवा समजते कशात काय हाय ते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला वाचता येत नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं. पण ती बाजारात कधी अडली नव्हती, कारण आमगावच्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूला चित्र होतं. आमच्या घरी चहा 'घोड्याचा' असायचा, हळद 'कमळाची', माचिस 'पोपटाची', आणि साबण 'हिरव्या बाईचा'. मी लहानपणी दुकानात जाऊन 'पोपटाची माचिस द्या' असंच म्हणायचे, आणि दुकानदारही तीच काढून द्यायचा. छापलेलं नाव वेगळं असतं, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आईला त्याची गरज कधी पडली नाही. रंग आणि चित्रं हीच तिची बाराखडी होती. मला इतकी आवडलेली ती कोरी पाकिटं म्हणजे तिच्यासाठी न बोलणाऱ्या माणसांची रांग होती.

"मी त्यांच्यावर चित्रं काढून देते," मी म्हटलं. "स्केचपेननं. मैद्यावर पुरी, सूजीवर शिऱ्याची वाटी."

"नाही. बिलकुल नाही." ती माझ्या जवळ येऊन बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नामकरणाले विहीणबाई येऊन राहिल्या. त्या मास्तरीण. कपाट उघडलं का त्याईले दिसन, मायसाठी पोट्टी चित्रं काढून राहिली. मंग काय म्हणतीन? तुह्या सासरी मले अडाणी नको दाखवू, बाई. एवढं कर."

माझ्या सासूबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. धाकट्या दिरांकडे राहतात. स्वभावानं वाईट नाहीत, पण समोरच्याचं वाक्य चुकलं तर ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. दोघी विहिणी आजवर लग्नात आणि दोन-चार कार्यक्रमांत भेटल्या होत्या. तिथं वाचायची वेळ कधी आली नव्हती. पण मुलीच्या सासूसमोर आपण उणे ठरलो तर त्याचा उणेपणा मुलीला लागतो, असं आईच्या मनात पक्कं होतं. मी तिला शब्द दिला.

मग तिनं आपली रीत काढली. वरच्या फळीवर डावीकडून सूजी, मग बेसन, मग मैदा, मग पिठीसाखर. खाली पोहे, साबुदाणा, मूग डाळ. प्रत्येकाची जागा ठरलेली. पाकीट संपलं की मी नवं वाचून द्यायची आणि ती त्याला त्याच्या जागी बसवायची. मला ती व्यवस्था फार आवडली. बाळाला पाजताना मी पलंगावरून विचारायची, "अरारोट?" आणि आतून उत्तर यायचं, "खालच्या फळीवर, कोपऱ्यात, रुसलेल्या सुनेवानी." आम्ही दोघी हसायचो. आई आणि मी इतक्या निवांत किती वर्षांत बसलो नव्हतो.

नामकरणाच्या दिवशी सकाळीच घोटाळा झाला. नवऱ्यानं मोठ्या उत्साहानं सुपरमार्केटातून दोन पिशव्या भरून सामान आणलं आणि सासूबाई यायच्या आधी सगळं नीट दिसावं म्हणून स्वतःच कपाटात लावूनही टाकलं. उंचीप्रमाणे. मोठी पाकिटं मागे, लहान पुढे. सगळी नवी, सगळी बंद. आई तेव्हा बाळाला न्हाऊ घालत होती. तिला पत्ता लागेपर्यंत सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात गोल बाजारातून घेतलेला झबल्यांचा गठ्ठा. आल्या आल्या त्या थेट स्वयंपाकघरातच गेल्या, कारण गुलाबजाम त्यांनी स्वतः करायचे ठरवले होते.

मी दारासमोरच्या पलंगावर होते, मला सगळं दिसत होतं.

"विहीणबाई, जरा ते मैद्याचं पाकीट द्या," सासूबाई खवा मळता मळता म्हणाल्या.

आईनं कपाट उघडलं. तिचा हात वरच्या फळीवर गेला आणि थबकला. मी उठायला गेले, टाक्यांत कळ आली. मी काही बोलायच्या आत तिनं एक पाकीट पुढे केलं.

"ही सूजी आहे हो."

"हव, हव. घाईघाईत..." आईनं दुसरं काढलं. बोटांनी दाबून पाहिलं. मऊ लागलं असावं. ते दिलं.

"अहो, ही पिठीसाखर! चष्मा घालत नाही का तुम्ही?"

हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. चष्मा पेटीत राहिला म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. मीही तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि हातातलं पाकीट ओट्यावर ठेवलं.

"चष्म्याचं नाही, विहीणबाई. मले वाचताच येत नाही."

सासूबाईंचे हात खव्यातच राहिले.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तुम्ही मास्तरीण. भेव लागे."

"मास्तरीण म्हणजे काय वाघीण आहे मी?" सासूबाईंचा आवाज चढला. "खाऊन टाकते काय तुम्हाला?" मग त्या जरा थांबल्या आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "आणि ही? हिला बी.ए. कोणी केलं?"

"तिचं तिनंच केलं. मी निसती बाजूले बसो."

हे खरं नव्हतं, आणि सासूबाईंसमोर ते तसंच राहू देणं मला शक्य नव्हतं. मी पलंगावरून सांगितलं. रोज संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि मी चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचायची. मराठी, इतिहास, भूगोल, अगदी गणितंसुद्धा. ती समजो न समजो, ऐकायची. कंटाळून मी एखादा परिच्छेद गाळला की परात वाजवून म्हणायची, 'ए पोट्टे, काहीतरी पळालं. माघारी जा.' तिला कसं कळायचं, हे मला आजही सांगता येत नाही. बहुतेक माझा आवाज बदलत असावा. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती स्वतः भाकरी सोडून माझ्यासमोर बसायची, जणू पेपर तिचाच आहे. मी पदवी घेतली तेव्हा आमच्या घराण्यातली पहिली पदवी होती ती. पण त्या अभ्यासाला दोघी बसल्या होत्या.

सासूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी नळाखाली हात धुतले आणि पदराला पुसले.

"माझ्या वर्गात लेकराकडून असं वाचून घेणाऱ्या चार आया असत्या ना, विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तर माझे केस एवढ्या लवकर पांढरे झाले नसते."

"केसाचं राहू द्या, पयले खवा सांभाळा," आई म्हणाली. "पाहा, वाळून चालला."

मग दोघीही हसल्या. सासूबाईंनी स्वतः कपाटासमोर उभं राहून एकेक पाकीट मोठ्यानं वाचलं, आणि आईनं ते आपल्या हिशेबानं जागेवर बसवलं. मैदा सापडला. तो जरा कमी पडला. तुपात गुलाबजाम फुटले. नवरा वाटीतला चुरा चमच्यानं खात म्हणाला, "मम्मी, ये नया आइटम है क्या?" त्याला दोघींनीही एकदमच दटावलं. संध्याकाळी बुद्धवंदना झाली, पाळण्यात नाव ठेवलं, पाहुण्यांना तोच चुरा दुधात घालून वाढला, आणि कोणी नावं ठेवली नाहीत.

माझी रजा संपेपर्यंत आई राहिली. मी तिला अक्षरं शिकवायचं काढलं, पण तिनं मनावर घेतलं नाही. "आता या वयात काय करू? वाचणारे भेटून राहिले ना भरपूर." आधी मला थोडं वाईट वाटलं. मग लक्षात आलं की तिच्यावरचं ओझं न वाचण्याचं नव्हतंच, लपवण्याचं होतं, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं खाली ठेवलं होतं. त्या दिवशी चष्म्याचं निमित्त घेऊन मी तिला वाचवलं असतं, तर तिला ते जन्मभर वाहावं लागलं असतं. तिनं मान हलवून मला गप्प केलं, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आमगावला परतायच्या आधी एकदा आई, मी आणि बाळ अशा आम्ही तिघी त्या सुपरमार्केटात गेलो. मी बाळाला घेऊन ट्रॉलीजवळ उभी होते. आई पांढऱ्या पाकिटांच्या रॅकसमोर गेली, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला खणखणीत आवाजात, इथल्या छत्तीसगढीत, म्हणाली, "ए दीदी, येमा का लिखे हे?"

ती बाई हसली आणि वाचायला लागली. मसूर. चवळी. दलिया. आई प्रत्येक पाकीट हातात घेऊन तोलायची, मान डोलवायची आणि पुढच्याकडे बोट दाखवायची. त्या बाईनं सगळी रांग वाचून दाखवली, आणि आईनं त्यातलं चवळीचं एक पाकीट घेतलं.