तीन दिवस चालणारी बॅटरी

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांतल्या आरोपींचा इतका राग मला कधी आला नाही. खून करणाऱ्याला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं. हा माणूस बाजारात फळीवर फोन मांडून बसला होता आणि आपण कुणाचं काही बिघडवलंय असं त्याला शेवटपर्यंत वाटलं नाही.

मी तेव्हा पूर्णा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, शेजारच्या गावात डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, चढलेला माणूस शॉक लागून खाली पडलाय, आणि गावकरी काठ्या घेऊन वीज उपकेंद्राकडे निघालेत. मी आणि आमचे जमादार जीप घेऊन आधी उपकेंद्रावर गेलो. ऑपरेटर दाराला आतून कडी लावून बसला होता. त्याला मागच्या बाजूने काढून जीपमध्ये बसवलं नसतं, तर त्या दिवशी माझ्याकडे दोन गुन्हे दाखल झाले असते.

पडलेला माणूस सरकारी वायरमन नव्हता. गाव त्याला तारवाला म्हणायचं. खऱ्या वायरमनकडे इतकी गावं, की फ्यूज उडाला तर तो कधी पोचेल याचा भरवसा नाही. म्हणून गावातलाच एखादा माहीतगार पोलवर चढतो. हे नियमात बसत नाही, हे वायरमनला माहीत असतं, त्याच्या साहेबाला माहीत असतं. पिकाला पाणी मिळेपर्यंत सगळे गप्प असतात. अपघात झाला की मात्र सगळ्यांना एकदम नियम आठवतात आणि जो भाजला त्यालाच सुनावतात, तुला चढायला कुणी सांगितलं होतं म्हणून.

तारवाल्याला परभणीला नेलं, तिथून नांदेडला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. तो शुद्धीवर होता-नव्हता असाच होता, जबाब देण्याच्या स्थितीत नाही असा डॉक्टरांनी शेरा दिला. त्यामुळे पहिला जबाब त्याच्या बायकोचा झाला. ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून बोलत होती आणि जमादार लिहून घेत होते.

"साहेब, त्या ऑपरेटरनंच मारलं त्याला. आठ दिस झाले न्हाईत, स्टँडवर दोघांचं भांडण झालतं. साऱ्या गावानं बघितलंय. माझा माणूस वर हाय हे माहीत असून लाईन सोडली त्यानं."

"ऑपरेटरशी फोनवर काही बोलणं झालं नसेल का? फोन बंद असेल," मी विचारलं.

"बंद कामून आसंल? तीन दिस बॅटरी चालती त्याची. त्याच्यासाठीच तर घेतला. आधीचा फोन शेतातल्या आखाड्यावर बंद पडायचा. म्हणायला लागला, पोलवर आसताना फोन बंद पडला तर माझं काय व्हईल? भाच्याचा बघितला, शाळेतल्या गुरुजींचा बघितला, सगळ्यांला इचारलं, रात्री किती उरती, सकाळी किती उरती. मग गेल्या बाजाराला ताडकळसहून ह्यो आणला."

ऑपरेटरचा जबाब याच्या अगदी उलट. तो घामाने निथळत होता. त्यांची पद्धत त्याने सांगितली ती अशी. तारवाला चढायच्या आधी फोन करून "बंद कर" म्हणायचा, हा लाईन बंद करायचा. काम झालं, खाली उतरला, की तारवाला एक मिस कॉल द्यायचा. एक रिंग वाजली की ह्याने लाईन सोडायची. कागदी परमिट, सही, शिक्का असलं काही नाही. कित्येक वर्षं हे असंच चाललेलं होतं आणि कधी चूक झाली नव्हती.

"देवाशपथ साहेब, मिस कॉल आला म्हणूनच सोडली. भांडण झालतं, पर भांडण म्हणून कुणी माणूस जाळतं का? पोरं एका शाळंत हायती आमची."

कॉलचा तपशील मागवला. तारवाल्याच्या फोनवरून त्या वेळी खरंच कॉल गेला होता आणि उचलला जायच्या आत तुटला होता. आता सांगा, माणूस वर तारेला हात घालून बसलाय, तो "मी उतरलो" असा मिस कॉल कसा देईल? गावाने उत्तर तयार ठेवलं होतं. ऑपरेटरने कुणाला तरी हाताशी धरून तो करवला. रोज एक शिष्टमंडळ ठाण्यात यायचं आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा म्हणून माझ्या टेबलावर हात आपटायचं. एका पुढाऱ्याने तर मला विचारलं, त्याच्याकडून किती खाल्लं. ऑपरेटर कोठडीत जेवत नव्हता. त्याच्या घरावर दगड पडले होते, आणि ते कलम लावलं असतं तर त्याचं पुढचं आयुष्य तुरुंगात गेलं असतं.

पंचनाम्यात तारवाल्याचा फोन डीपीखालच्या चिखलात, काच तडकलेला, बंद अवस्थेत मिळाला होता. पडून बिघडला असेल असं सगळ्यांनी धरलं. मी जमादारांना म्हटलं, पंचांना बोलवा आणि त्यांच्यासमोर चार्जिंगला लावून तर बघा. लावला तर फोन चालू झाला. बॅटरी निम्म्याहून वर दिसायला लागली तेव्हा जमादारांनी चार्जर काढला आणि त्या फोनवरून स्वतःच्या मोबाईलला कॉल लावला. त्यांचा मोबाईल टेबलावर एकदा वाजला आणि थांबला. तारवाल्याच्या फोनचा पडदा काळा पडला होता. जमादारांच्या मोबाईलवर लिहून आलं होतं, एक मिस कॉल.

पुन्हा लावून पाहिला, पुन्हा तेच. पूर्ण भरलेला असताना एखादा कॉल निघायचा, मग पडद्यावर बॅटरी भरपूर दिसत असतानाही कॉलचा भार आला की फोन मान टाकायचा. उघडल्यावर कळलं, आतली बॅटरी कुठल्या तरी जुन्या फोनची होती, फुगून टरटरलेली. वर नवं चकचकीत लेबल चिकटवलेलं, आणि त्यावर क्षमतेचा भला मोठा आकडा. पंचनामा केला, फोन सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला. मला आता ताडकळसच्या बाजारातला तो माणूस हवा होता.

पुढच्या बाजाराला साध्या वेषात गेलो. त्याच्याभोवती ही गर्दी. फळीवर कापड, कापडावर तीन फोन, तिन्हींवर गाणी लावलेली. दोन नावाजलेल्या कंपन्यांचे आणि मधला त्याचा. तो ओरडून सांगत होता, "बघा मामा, आपल्या डोळ्यानं बघा, कोण आधी मरतंय!" दुपारपर्यंत आजूबाजूचे दोन्ही फोन बंद पडायचे आणि मधला बाजार उठेपर्यंत गात राहायचा. लोकांनी तुलना करावी, तीही भर उन्हात, सगळ्यांसमोर. याहून प्रामाणिक धंदा कुठला?

शेजारी बांगड्या विकणारी बाई बसायची. जमादारांनी बायकोसाठी बांगड्या घेता घेता विषय काढला. तिने आधी हात झटकले, मग त्यांच्या हातात बांगड्यांचा पुडा देताना हळूच बोलली.

"तुमी पोलीस हाव का ते मला म्हाईत न्हाई. पर ती फळी उचलून बघा म्हणावं कुणालातरी. मधल्या फोनाला खालून वायर हाय. मोटरसायकलची बॅटरी ठिवलीय फळीखाली. अन् बाकीचे दोन फोन त्यो रद्दीवाल्याकडून आणतो. मी काय बोलले न्हाई बरं का."

आम्ही पंचांसमोर फळी उचलली. भोक पाडून वायर वर काढली होती आणि फोनला जाड कव्हर घालून ती झाकली होती. पोत्यात विकायचे फोन होते आणि दुसऱ्या पोत्यात चिकटवायची छापील लेबलं. बघे आधी हसले. मग त्यांतला एक म्हातारा आपल्या खिशातला फोन काढून बघायला लागला, आणि हसणं थांबलं.

ठाण्यात हा गडी ताठ होता. अनुभवाने सांगतो, चोरी करणारा पोलिसाच्या नजरेला नजर देत नाही. फसवणारा मात्र देतो, कारण नजरेला नजर देणं हाच त्याचा धंदा असतो.

"साहेब, मी कुणाला हात धरून आणलं का? असल्या भावात तीन दिस बॅटरी मिळती व्हय? ह्ये घेणाऱ्याला कळू न्हाई का? लोकच लालची हायती."

माझा संताप मी कसा आवरला ते मलाच माहीत. लालची! ज्या माणसाने घेण्याआधी पाहुण्या-रावळ्यांचे फोन तपासले, तो लालची? तरी आवाज न चढवता मी त्याला म्हटलं, "तुला अटक करतोय. घरी कळवायचा तुला हक्क आहे. कळव." आणि त्याच्याच पोत्यातला एक फोन, पंचांसमोर चार्ज करून सिम घातलेला, त्याच्यासमोर ठेवला. बॅटरी निम्म्याहून जास्त दिसत होती.

त्याने फोनकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"ह्याच्यावरून नको साहेब. दुसरा द्या."

"का? नवा आहे. तीन दिवस चालतो."

"आई आजारी हाय. मधीच बंद पडला तर ती घाबरंल. तुमच्या टेबलावरच्या फोनवरून लावू द्या."

जमादारांची लेखणी थांबली. मी त्यांना म्हटलं, लिहा, जसं बोलला तसं लिहा. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात टिकत नाही हे मला माहीत होतं. पण त्यानंतर तो बसल्या जागी खचला आणि लेबलं कुठे छापायचा, जुन्या बॅटऱ्या कुठून यायच्या, सगळं दाखवून दिलं. तो माल जप्त झाला, आणि जप्त झालेला माल न्यायालयात टिकतो. ठाण्याच्या फोनवरून त्याला आईशी बोलू दिलं. त्याच्या आईने घाबरू नये एवढी काळजी त्याला होती. दुसऱ्याची माणसं वर तारेवर असू शकतात हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

काही दिवसांनी तारवाला बोलायला लागला. मी स्वतः नांदेडला गेलो. ऑपरेटरचं नाव काढताच तो उशीवरून उठायला बघू लागला.

"त्याला सोडा साहेब. त्याचं काय चुकलं न्हाई. फ्यूजची खालची पट्टी गंजलेली होती, काम लांबलं. मीच त्याला 'आजून थांब' म्हणायला फोन लावला. कानाला लावायच्या आत बंद झाला. मला वाटलं, लागलाच नसंल. पुन्ना हात घातला अन्..."

थांब म्हणायला केलेला फोन तिकडे सोड म्हणून पोचला होता. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्याच संध्याकाळी ती ऑपरेटरच्या घरी गेली आणि उंबऱ्यात बसून रडली, असं मला नंतर कळलं.

खुनाच्या प्रयत्नाचा विषय मिटला, पण ऑपरेटर सुटला नाही. परमिटशिवाय लाईन सोडली म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा राहिला, आणि नोकरी गेली. फोनवाल्यावर इजेची जबाबदारी लावायला मी सरकारी वकिलांशी भांडलो. ते म्हणाले, मधे ऑपरेटरची कृती येते, फोन आणि इजा यांतली साखळी तुटते. राहिलं फसवणुकीचं कलम. त्याला लवकरच जामीन मिळाला. ज्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवला त्यांतल्या एकाचा हात गेला, दुसऱ्याची भाकरी गेली, आणि ज्याने खोटं विकलं तो घरी जाऊन जेवला. कायदा असाच चालतो हे मला माहीत आहे. पण म्हणून राग कमी होत नाही.

आमच्यातलेही काही अधिकारी म्हणायचे, स्वस्तातलं घेतलं की असं व्हायचंच. हे वाक्य मी तेव्हापासून कुणाला माझ्यासमोर बोलू देत नाही. या प्रकरणाने मला एक शिकवलं. फसलेल्या माणसाला आधी मूर्ख ठरवायचं आणि मग तक्रार लिहून घ्यायची, ही ठाण्यातली जुनी खोड फसवणाऱ्याच्या फार उपयोगाची असते. त्याची निम्मी सुटका आपणच करून देतो.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलांनी हीच खोड वापरली. तारवाला साक्षीला उभा होता, शर्टाची उजवी बाही पिन लावून दुमडलेली. वकिलांनी विचारलं, "फोनवर तुमचा जीव अवलंबून होता, तर चांगल्या दुकानातून महागाचा का घेतला नाही?"

तो वकिलांकडे वळला.

"वकीलसाहेब, महागाचा घेणारा फसला तर दुसरा घेतो. मला एकच घेता येणार होता. म्हणूनच तर इतकं बघून घेतला."

साक्षीवर सही घ्यायची वेळ आली तेव्हा कारकुनाने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायला सांगितलं. तारवाल्याने पॅड बाजूला केला. "मला लिहिता येतंय," तो म्हणाला आणि डाव्या हातात पेन धरून एकेक अक्षर काढायला लागला. त्याला बराच वेळ लागला. न्यायाधीशांनी पुढचं प्रकरण पुकारायचं थांबवलं आणि त्याची सही पुरी होईपर्यंत सगळं न्यायालय बसून राहिलं.