पुठ्ठ्याच्या घरातली ओल

आमचे हे रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, आता खेळण्यातल्या आगगाडीभोवती पुठ्ठ्याचं गाव वसवत बसतात. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आलीय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. "कुठे ओल? मला तर काही दिसत नाही," हे ह्यांचं ठरलेलं उत्तर.

काल स्टेशनमागचं घर पुरं झालं, म्हणून मला हौसेने हाक मारली. मुठीएवढं घर, त्याचं छप्पर उचलून आतलं स्वयंपाकघर दाखवलं. भिंतीवर चहाच्या पाण्याने ओल काढलेली. नळापासून खिडकीपर्यंत चढत गेलेली, थेट माझ्या भिंतीसारखी. वरचा सुटलेला पोपडासुद्धा सोडला नव्हता.

"जमलंय ना हुबेहूब?"

"अगदी हुबेहूब," मी म्हटलं. "म्हणजे दिसत होती तर!"