ओल्या भिंतीवरचा सागवानी भुसा

आमच्याकडे भुसा ओढून घेणारं एक मशीन आहे, आणि ते भुसा फेकतंसुद्धा, हा शोध माझा.

मशीन बाबांचं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर बाबांनी धरमपेठेतल्या आमच्या गॅरेजमध्ये सुतारकाम मांडलं. (गाडी तेव्हापासून कडुलिंबाखाली असते. तिचा मूळ रंग कोणता, यावर आता घरात एकमत नाही.) गल्लीतल्या प्रत्येक घरात बाबांचं स्टूल पोचलं. त्यातली बरीचशी डुगडुगत नसत! पण भुसा असा उडायचा की वरणालाही सागवानाचा वास यायला लागला. शेवटी आई म्हणाली, "या घरात एक तर मी राहीन, नाही तर हा भुसा." बाबांनी आठवडाभर विचार केला (हे आई अजून विसरलेली नाही) आणि मशीन आणलं.

तसं ते साधंच. मोटर सुरू केली की जाड नळीतून भुसा आत ओढला जातो आणि खालच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडतो. वर एक माणसाएवढी कापडी पिशवी असते, तिच्यातून हवा गाळून बाहेर जाते. ही कापडी पिशवी बारीक भुशानं चोंदते, म्हणून अधूनमधून काढून झटकायची आणि परत बसवून पत्र्याचा पट्टा करकचून आवळायचा. बाबा हे दर रविवारी, आंघोळ करून, पूजेच्या भक्तिभावानं करायचे. मला हात लावायची परवानगी नव्हती.

पण एकदा बाबांची कंबर धरली. नेमकं शेजारच्या वैरागडेकाकांच्या मीनलचं साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) दुसऱ्या दिवशी होतं. त्यासाठी बाबा दोन पाट करत होते, आणि मशीन चोंदलं. बाबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले. मी बाह्या सरसावल्या.

"सुधीर, पिशवी अंगणात झटक. अन् पट्टा घट्ट आवळजो, बरं!"

"बाबा, मी काय लहान आहे का?"

"लहान असता तर ऐकलं असतं!"

मी मशीन ढकलत अंगणात आणलं. खालची पिशवी रिकामी केली, तर भुशाचा गुडघाभर ढीग झाला. वरची झटकली. (मी स्वतः त्या वेळी पिठात घोळलेल्या भज्यासारखा दिसत होतो.) दोन्ही पिशव्या बसवल्या, पट्टे लावले. आवळायचं पुढे बघू, आधी ओढतंय का ते पाहू, असा विचार करून मी नळीचं तोंड त्या ढिगात खुपसलं आणि बटण दाबलं.

ओढलं! फारच छान ओढलं. ढीग बघता बघता नाहीसा झाला. वरची पिशवी टम्म फुगली, एकदा डोलली आणि फटकन उडून कडुलिंबावर जाऊन बसली. तिच्या जागेतून सगळा ढीग कारंज्यासारखा वर गेला, आणि वाऱ्यानं तो कुंपणापलीकडे नेला.

"बंद कर! अबे, काय करून राहिला तू? बंद कर!" बाबा ओरडत होते. मी बंदच करत होतो, पण धुरळ्यात बटण सापडत नव्हतं!

धुरळा बसला तेव्हा पलीकडचं दृश्य दिसलं. वैरागडेकाकांच्या घराच्या दर्शनी भिंतीला त्याच सकाळी क्रीम रंगाचा ऑइलपेंट लागला होता. पेंटर चहाला गेले होते. अर्धी भिंत आता सागवानी झाली होती. भिंतीसमोर खुद्द काका, नुकतंच डोक्याला तेल चोपडून, पेपर वाचत बसले होते. त्यांचं टक्कल सागवानी झालं होतं.

"काकू, फडकं द्या, लगेच पुसतो!" मी कुंपणावरून उडी मारली आणि पुसलं. त्या जागी खरूज झाल्यासारखं दिसायला लागलं.

वैरागडेकाकू मटकन खाली बसल्या. "उद्या पाहुणे येऊन राहिले वं माय! काय सांगू मी त्यायले?" मीनल दारात उभी होती. ती रडत नव्हती, पण ओढणीचं टोक दातात धरलं होतं. ते बघून मला कडुलिंबावर पिशवीशेजारी जाऊन बसावंसं वाटलं.

बाबा कंबर धरून हळूहळू आले. भिंतीला बोट लावून रंग ओला आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, "वैरागडे, अर्ध्या भिंतीले भुसा लागला तर लोक म्हणतीन गोंधळ झाला. पूर्ण भिंतीले लागला तर म्हणतीन डिझाईन हाय."

काकांनी डोळ्यांवरचा भुसा पुसला. "रंग ओला हाय तोवर करा मास्तर. पण याले नळी देऊ नका!"

मग बाबांनी सुपातून भुसा पाखडला, काकांनी मुठी भरभरून मारला, काकूंनी पिठाची चाळणी आणली. मीनल हसत सुटली. मला फक्त गॅरेजमधून भुसा आणून द्यायचं काम मिळालं. इतकं निरुपद्रवी काम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या मामांनी भिंतीवरून हात फिरवला. "वा! टेक्श्चर कोणाकडून केलं?"

"आपल्याच माणसाकडून," काका म्हणाले.

आता बाबा नाहीत. दर रविवारी पिशवी मी झटकतो, पट्टा आवळतो, आणि सुताराला लाजवतील अशी डुगडुगती स्टुलं करतो. त्या भुशाच्या वासात बसलं की मागून कुणीतरी "आवळजो, बरं" म्हणेल असं वाटत राहतं. वैरागडेकाका मात्र भिंतीबद्दल कुणी विचारलं की अजूनही माझा नंबर देतात. परवा एका बाईंचा फोन आला, "तुम्हीच ते भिंतीचं डिझाईन करता न?" मी घसा खाकरून जरा ऐटीत "हो" म्हणणार, तेवढ्यात मंजूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, फोन हातातून घेतला.

"नाही हो ताई, ते यांच्याकडून चुकून झालं होतं. ठरवून यांनी अजून काहीच चांगलं केलेलं नाही!"