भूगोलाच्या सरांचा कामधंद्याचा अभ्यास

आमच्या केदारखेड्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांइतका दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या कामाचा विचार करणारा माणूस मी उभ्या मराठवाड्यात पाहिला नाही, आणि आता दिसेल असंही वाटत नाही. एका उन्हाळ्यात ते औरंगाबादला व्यवसाय मार्गदर्शनाच्या प्रशिक्षणाला गेले आणि येताना इंग्रजी पुस्तकांची ट्रंक घेऊन आले. ओट्यावर बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेक वाक्य ते शेंगा सोलल्यासारखं सोलत. ‘हे काम तुम्हाला आवडतं का?’ असं त्यांनी कंडक्टरला विचारलं, पोस्टमनला विचारलं, शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही विचारलं. गावच्या न्हाव्याला तर अर्धी दाढी झालेली असताना विचारलं. त्यानं वस्तरा खाली ठेवला. “सर, हे आजवर कोणी इचारलंच न्हाई,” म्हणाला आणि विचार करत जो घरी गेला तो गेलाच. सरांनी त्या दिवशीचे सगळे तास अर्ध्या दाढीनं घेतले. पुस्तकांत म्हणे माणसाच्या कामधंद्याचे टप्पे दिलेले होते: आधी वाढ, मग शोध, मग स्थिरावणं. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या हसून म्हणत, “चाळिशी उलटली तरी ह्यांचा शोध काही संपून न्हाई राह्यला.”

आम्ही दहावीत असताना मात्र सर अडले. काय व्हावंसं वाटतं ते त्यांनी आम्हाला लिहायला सांगितलं. सगळ्या वर्गानं मिळून मास्तर, तलाठी, कंडक्टर आणि नर्स एवढंच लिहिलं. मी कागद कोराच दिला. माझे आईवडील रोजंदारीवर जात. मला खुरपणं ठाऊक होतं आणि ते नको होतं, एवढंच. सर रागावले नाहीत. म्हणाले, “ह्या पुस्तकांतल्या पोरांनी शंभर कामं पाहिलेली असतात, मंग ते निवडतात. तुम्ही पाहिलीच किती? चूक माझी.”

मग त्यांनी आम्हाला एसटीनं जालन्याला नेलं. कापसातली सरकी काढायचं जिनिंग दाखवलं, छापखाना दाखवला, दवाखान्यातली रक्त तपासायची खोली दाखवली आणि शेवटी टेलिफोन एक्स्चेंज. तिथं कानाला यंत्र लावलेल्या बाया ओळीनं बसल्या होत्या. एकीनं दोरीची पिन समोरच्या बोर्डाच्या भोकात खोचली आणि म्हणाली, “बोला, मुंबई!” मी जागची हलेना. सर शेजारी येऊन हळूच म्हणाले, “सापडलं का?”

पुढं त्या एक्स्चेंजमध्ये भरती निघाली तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, अडून बसले. “पोरगी एकटी जालन्यात? बिलकुल न्हाई.” सर तीन संध्याकाळी आमच्या दारात येऊन बसले. पहिल्या दोन दिवशी त्यांनी दादांना सिद्धान्त समजावले. दादा जांभया देत राहिले. तिसऱ्या दिवशी सर पुस्तक घरी ठेवून आले आणि त्यांनी विचारलं, “तुम्हाला काय व्हायचं होतं?” दादांनी जांभई अर्ध्यात मिटली. मग म्हणाले, “मिलिटरीत बँड वाजवायचा होता.” आणि माझ्याकडं न बघताच मला म्हणाले, “जाय.”

जालन्यात लांबच्या नात्यातल्या एका मावशीकडे राहून मी कामाला लागले आणि दोन महिन्यांत रडकुंडीला आले. दिवसभर परक्यांची बोलणी कानात, आणि आपल्याशी बोलणारं कोणी नाही. सरांना पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं: ‘ह्या अवस्थेचं नाव पुस्तकात आहे, औषध दिलेलं नाही. रविवारी ये, भाकर खाऊन जा.’ गेले. काकूंनी ठेचा वाढला. सरांनी त्या दिवशी काही म्हणता काही विचारलं नाही. परतताना एसटीपर्यंत आले आणि खिडकीशी उभं राहून म्हणाले, “अजून एक महिना पाहून घे. न्हाईच जमलं तर परत ये. तुझ्या बापाला मी सांगतो.”

त्या महिन्यातच हात बोर्डावर बसला. येत्या रविवारी जाऊन सरांना सांगू, असं म्हणत राहिले. मग ड्यूट्या आल्या, लग्न आलं, सरांची बदली धावड्याला झाली, आणि एक दिवस ते वारल्याचंच कळलं. अजूनही एखाद्या रविवारी सकाळी वाटतं, उठावं, एसटी धरावी, त्यांच्या ओट्याशी उभं राहून म्हणावं, “सर, जमलं मला.”