मुनीरभाई आणि उलटं पाणी

मुनीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिलोलीला धाकट्या बहिणीकडे होते. सकाळचा चहा व्हायचा होता. फोनवर त्यांची मुलगी शबाना होती. "बाई, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. पलीकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मी लगेच नांदेडची बस धरली. खिडकीशी बसल्यावर जे पहिलं मनात आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला रडू आलं नाही, भीती वाटली. पावसाळा तोंडावर आला होता आणि आता आपल्या तळघराचं काय, हा विचार त्या माणसाच्या आठवणीच्या आधी माझ्या मनात शिरला.

मुनीरभाई प्लंबर होते. त्यांचं घराणं जुन्या नांदेडातलं, आजोबांपासून नळाच्या कामातलं. शबाना शाळेत माझ्या वर्गात होती म्हणून ते मला 'बाई' म्हणत, आणि मी निवृत्त झाले तरी बाईच राहिले. शहरात त्यांच्यापेक्षा चपळ कारागीर पुष्कळ होते. मुनीरभाईंचं काम संथ, कारण ते प्रत्येक काम भीत भीत करत. साधा नळ बदलायचा तरी आधी टाकीचा कॉक बंद आहे ना हे दोनदा जाऊन बघत. माझे यजमान त्यांना हसत. "मुनीरभाई, नळ काय चावतो का तुम्हाला?" असं विचारत. मुनीरभाई आणखी एकदा कॉक बघून येत.

आमचं घर नदीकडच्या उतारावर आहे. यजमान गेल्यावर एवढ्या घरात मी एकटीच उरले, तेव्हा तळघरात मुलींसाठी अभ्यासिका काढली. किनवट, हिमायतनगर, देगलूर भागातल्या मुली स्पर्धा परीक्षांसाठी शहरात येतात, एका खोलीत चौघी-पाचजणी राहतात. त्यांना निवांत बसायला जागा हवी असते. खाली चौदा टेबलं टाकली, पंखे लावले, कोपऱ्यात संडास आणि हात धुवायला मोरी केली. संडास खाली नको, असं मुनीरभाई तेव्हाच म्हणाले होते. मुलींनी सारखं जिने चढायचे का, म्हणून मी ऐकलं नाही.

एका वर्षी भाद्रपदात वरच्या भागात तीन दिवस पाऊस लागून होता आणि धरणाचे दरवाजे उघडले होते. आमच्याकडे मात्र त्या दुपारी चक्क ऊन पडलं होतं. रस्ता कोरडा. मी वर डाळ निवडत होते. खालून मुलींच्या हसण्याचा आवाज आला. एक जण वर येऊन म्हणाली, "बाई, संडास आपोआप गुडगुड करून राहिलाय." मलाही गंमत वाटली. पाचच मिनिटांत हसणं थांबलं आणि कुणीतरी किंचाळलं.

मी जिन्यात गेले तर मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं. उसळत नव्हतं, शांतपणे वर येत होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पाणी वरून येतं, छतातून, खिडकीतून येतं, हे मला ठाऊक होतं. ते जमिनीतून वर येताना मी कधी पाहिलं नव्हतं. नदी फुगल्यावर शहराच्या गटारांना पुढे जायला वाट उरली नव्हती आणि सगळ्या वस्तीची घाण उलटी फिरून सगळ्यात खालचं तोंड शोधत आली होती. ते तोंड आमच्या घरात होतं.

मी मुनीरभाईंना फोन लावला. मी काही सांगायच्या आतच त्यांनी दम दिला, "पहिले मेन स्विच बंद करा. बोलणं मंग. आन वर कुणी नळ उघडू नका, तुमचंच पाणी पोरींच्या अंगावर जाईल." मी स्विच ओढला. मुली धावत वर आल्या. मोजल्या तर एक कमी.

इस्लापूरची दीपाली मागच्या कपाटातली आपली मूळ कागदपत्रांची फाईल घ्यायला परत फिरली होती. जिन्याकडे धावणाऱ्या पाण्याने जिन्याच्या पायथ्याचं अभ्यासिकेचं दार तिच्यामागे ओढून घेतलं. ते दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि पावसाळ्यात फुगून चौकटीत गच्च बसणारं. आतून ते ओढायचं तर गुडघाभर पाण्याच्या रेट्याविरुद्ध ओढायचं. आम्ही बाहेरून ढकलत होतो, पण तोच रेटा आमच्यावरही येत होता. आतून तिचा आवाज येत होता... "बाई, दार. बाई, दार." दुसरं काही नाही.

मुनीरभाई स्कूटरवर आले. जिन्याच्या तोंडाशी थांबले. पिशवीतून हातोडा निघेना. मला वाटलं, हा माणूस खाली उतरणार नाही. त्यांनी सगळ्या मुलींना अंगणात घालवलं, बाहेरून तळघराच्या झरोक्याची काच फोडायला लावली. "हवा जाऊ द्या आत," म्हणाले. मग तोंडाला रुमाल बांधून एकेक पायरी उतरले. दार ढकलायला गेलेच नाहीत. खाली बसून दाराच्या खालच्या फळीवर हातोड्याचे घाव घातले. फळी फुटली, काळं पाणी भसकन त्यांच्या छातीवर आलं, जिन्याच्या तळाशी भरलं. दोन्हीकडे पाणी सारखं झालं आणि मग दार उघडलं. दीपाली टेबलावर उभी होती, फाईल पोटाशी धरून. तिला वर आणून बसवलं आणि मुनीरभाई अंगणातल्या नळापाशी जाऊन ओकले.

तळघर धुवायला, ब्लीचिंग टाकून वाळवायला महिना गेला. मुनीरभाईंनी मला विचारलंसुद्धा नाही, घरासमोर खोदायला घेतलं. आपली लाईन रस्त्यावरच्या गटाराला मिळते त्याच्या अलीकडे त्यांनी एक व्हॉल्व्ह बसवला, माणसाचा हात आत जाईल एवढं विटांचं चेंबर बांधलं, वर लोखंडी झाकण ठेवलं. मला समजावं म्हणून पेल्याच्या तोंडावर तळहात ठेवून दाखवला. आत एक झडप असते. आपलं पाणी बाहेर निघालं की ती उघडते, बाहेरचं पाणी आत रेटायला लागलं की तीच झडप त्या रेट्याने मिटते. "पर ध्यानात ठेवा, ती मिटली की तुमचंबी पाणी बाहेर जात न्हाई. तवा घरातले सगळे नळ बंद. आन केसाचा एक गुंता जरी अडकला तरी ती पुरी मिटत न्हाई."

मी म्हटलं, म्हणजे आता काळजी नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गातली सगळ्यात मठ्ठ मुलगी.

"बाई, ह्याच्यावर भरवसा ठेवू नका. नदी चढली की पोरी वर."

दोन वर्षांनी नदी पुन्हा चढली. सकाळी दहाला मुनीरभाई न बोलावता आले. मुली वर गच्चीखालच्या खोलीत, नळ बंद, आणि आम्ही दोघं तळघराच्या जिन्यात बसलो, बॅटरीचा झोत मोरीच्या जाळीवर धरून. बराच वेळ काही नाही. मग बाहेरून, जमिनीच्या पोटातून, एक बारीक 'टप' आवाज आला. झडप मिटली होती. पलीकडे सगळ्या वस्तीचं पाणी येऊन टेकलं होतं आणि अलीकडे आम्ही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मुनीरभाई, तुम्हाला भीती वाटते का?"

"हाव बाई. लई."

जाळीवरची नजर न हलवता त्यांनी मग सांगितलं. तरुणपणी ते आणि त्यांचा थोरला भाऊ लातूरला कामाला होते. गटाराच्या एका तुंबलेल्या चेंबरमध्ये भाऊ उतरला. दोरी मुनीरभाईंच्या हातात. भाऊ वर बघून काहीतरी बोलायला गेला आणि बोलता बोलताच आतल्या वायूने खाली बसला. मुनीरभाई उतरायला निघाले तर लोकांनी त्यांना धरून ठेवलं. "त्यांनी धरलं म्हणून मी हाय. पर तो काय बोलत होता ते मला कळलं न्हाई, बाई. अजून न्हाई..." नंतर कधीच त्यांनी ती गोष्ट काढली नाही. आम्ही तीन तास तिथे बसलो. जाळी कोरडी राहिली. त्या दारापाशी उतरताना हा माणूस काय घेऊन उतरला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे दर वर्षी ज्येष्ठात ते यायचे, झाकण काढून बाजूला उलटं ठेवायचे, झडप पुसायचे, बादलीभर पाणी सोडून कान लावायचे. मी लांब व्हरांड्यात उभी असे. त्या चेंबरजवळ जायचा मला धीर होत नसे आणि त्यांनीही कधी बोलावलं नाही. गेल्या वर्षी त्यांना दम लागत होता. काम झाल्यावर बराच वेळ ते तिथेच बसून राहिले, मला वाटलं विश्रांती घेताहेत. हिवाळ्यात अंथरूण धरलं. भेटायला गेले तेव्हा बोलणं कष्टाचं झालं होतं. मी मोसंबी सोलत होते. त्यांनी हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि विचारलं, "ढक्कन उघडता येतं का तुम्हाला?" मी खोटंच हो म्हटलं.

दफनविधीच्या दिवशी दीपाली देगलूरहून आली होती, तिथे आता ती नोकरीला आहे. शबानाच्या शेजारी बसून राहिली.

याला आता पाच आठवडे झाले. दुसरा प्लंबर बघू, म्हणत मी रोज पुढे ढकलत होते. परवा सकाळी वर आभाळ भरून आलं. पहार घेतली, हातमोजे चढवले आणि स्वतःच त्या चेंबरपाशी गेले. वास येईल, काहीतरी वर येईल, या भीतीने मान फिरवून झाकण उचकटलं. ते जड निघालं, हातातून सुटून उताणं पडलं. आतल्या बाजूवर लाल ऑइलपेंटने काहीतरी लिहिलेलं होतं. मुनीरभाईंचं मराठी अक्षर, वाकडं, एकेक अक्षर वेगळं. मागच्या वर्षी ते तिथे बसून काय करत होते ते तेव्हा समजलं.

'पोरी वर हायत का?'

पाऊस सुरू झाला नव्हता. नदी कुठच्या कुठे होती. तळघरात मुली वाचत बसल्या होत्या. मी हातमोजे काढले, खाली गेले आणि सगळ्यांना वह्या-पुस्तकं तशीच टाकून वर यायला सांगितलं. काय झालं, बाई, असं त्या विचारत होत्या. अंगणात एका रांगेत उभ्या करून मोजल्या, अकराच्या अकरा भरल्या, पुन्हा एकदा मोजल्या... आणि मग चेंबरपाशी गुडघे टेकून झडप पुसायला हात आत घातला.