सोमवारी न मारलेला खेकडा

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळचे अकरा. परळच्या आमच्या खोलीत आम्ही तिघं होतो: मी, अर्धांगवायूने खुर्चीला खिळलेली बायको आणि फिश टँकवाला. मजुरी पाचशे ठरली होती.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्रातले, जीवजंतूंनी भरलेले 'जिवंत' खडक ठेवले की त्यांच्या भोकांतून नको ते जीवही घरात येतात. आमच्याकडे केसाळ खेकडा आला. त्याने दोन मासे खाल्ले. उरला एक नारिंगी मासा. बायको दिवसभर त्याच्याकडे बघत बसायची.

टँकवाला आधी टाकीतलं पाणी हुंगतो, मग कोपरापर्यंत हात धुतो आणि भोकात लपलेल्या प्राण्याशीही अदबीने बोलतो. "या काका, बाहेर या." बायकोला तेवढ्यावर हसू यायचं.

मी म्हटलं, "भोकात उकळतं पाणी सोडा, संपवून टाका."

"आज सोमवार ना साहेब. माझ्या हातून आज जीव नाय जाणार. ग्लासात कोळंबी ठेवतो. आत उतरला की त्याला वर चढता नाय येणार. उद्या जिवंत घेऊन जातो."

मी हो म्हटलं. खरं तर मलाही ते बरं वाटलं.

मंगळवारी ग्लासात ना खेकडा होता ना कोळंबी, आणि मासाही कुठे दिसेना. टँकवाल्याने सिरिंजने भोकात उकळतं पाणी सोडलं. मेलेला खेकडा कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

माझे पाचशे त्याने घेतले नाहीत. उलट माशाचे म्हणून आठशे रुपये बायकोच्या चालत्या हातावर ठेवले. "वहिनी, नवीन आणा."

तिने मूठ मिटली नाही.